वाळूखान्याची कार्डं

सांगली
११ जानेवारी १९७८

नाथामामा यांना नमस्कार.

मी चंद्रा, तुमच्या चुलत बहिणीची, बनुबाईची थोरली. आई गेल्यापासून आपली गाठ नाही, म्हणून ओळख सांगून सुरुवात करते.

माझे मालक ज्योतिबा इथल्या फौंड्रीत वाळूखान्यात होते, हे तुमच्या कानावर असेल. भट्टीतून निघालेल्या ओतकामावर जोरात वाळूचा फवारा मारून ते साफ करायचं, हे त्यांचं काम. बारा वर्षं केलं. मग खोकला धरला. कारखान्याच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि पंचाहत्तरच्या श्रावणात ते गेले. अडतीस वर्षांचे होते. त्यानंतर कारखान्यानं मला ऑफिसात झाडलोटीला घेतलं. दोन पोरी आहेत, त्यावर चाललंय.

गेल्या महिन्यात साहेबांनी मला मागची बंद खोली रिकामी करायला सांगितली. पूर्वी तिथं कार्डांची मशीन होती. कामगारांची सगळी माहिती जाड कागदाच्या कार्डांवर बारीक भोकं पाडून ठेवायचे आणि मशीन ती भोकं वाचायची. दोन वर्षांपूर्वी ते काम पुण्याच्या कॉम्प्युटरवर गेलं. मशीन भंगारात गेली आणि कार्डं खोक्यांत तशीच राहिली. मामा, काय सांगू त्या खोलीचं. खोकं उचललं की बूड ओलं. उंदरांच्या लेंड्या, मुताचा वास, मेलेली पिल्लं कार्डांना चिकटून वाळलेली. झुरळं कोपरापर्यंत चढली. मी तीनदा बाहेर जाऊन ओकले.

तिसऱ्या दिवशी एका खोक्यावर शाईनं लिहिलेलं दिसलं, ‘छाती फोटो १९६९’. त्या वर्षी कारखान्यात फोटोची गाडी आली होती, सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले होते. त्याचं पुढं काय झालं ते कुणालाच सांगितलं नाही. कामगारांनी विचारलं तर ऑफिस म्हणायचं, माहिती कार्डांवर आहे आणि कार्डं वाचायची मशीन आता नाही.

तुम्ही मिलिटरीत हेच काम करत होता असं आई सांगायची. साहेबांनी खोकी घेऊन जा म्हटलं, म्हणून मी ती घरी आणलीत. यांच्याबरोबर काम करणारा धुळा आता तसाच खोकतोय. त्यालाही क्षयच सांगितलाय. फोटोत तेव्हा काय दिसलं होतं, तेवढं कळलं तर बरं. वाचता येईल का?

तुमची चंद्रा


रहिमतपूर
१९ जानेवारी १९७८

चि. चंद्रा,

तुझं पत्र पोचलं. ज्योतिबाचं मला कळलं होतं. तेव्हा येणं जमलं नाही.

मी रेकॉर्ड ऑफिसात चौदा वर्षं कार्डं पंच केली आणि तपासली. प्रत्येक जवानाचा नंबर, पलटण, रजा, जखम, सगळं भोकांत. मशीन बंद पडली की हवालदार मेजर कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकायचे आणि मी उजेडाला धरून वाचून दाखवायचो. भोक मशीनला दिसतं तसं माणसालाही दिसतं. वेळ लागतो, एवढंच.

पण एक अडचण आहे. एका कार्डावर ऐंशी उभे रकाने असतात. कोणत्या रकान्यात काय भरायचं हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं. नंबर आणि नाव मी वाचून काढीन. पण बासष्टाव्या रकान्यात दोनचं भोक आहे, म्हणजे माणूस बरा की आजारी, हे मला कोण सांगणार? तिथं जो माणूस भोकं पाडायला बसत होता तो शोध. त्याच्याकडून रकान्यांची यादी लिहून आण.

कार्डं धुऊ नकोस. उन्हात टाकू नकोस, वाकडी होतील. क्रम मोडू नकोस. मेलेलं काही असेल तर काढून टाक आणि मधे कडुनिंबाचा पाला घालून पोत्यात शिवून रेल्वे पार्सलनं पाठव. हात साबणानं धू. उंदराचं मूत वाईट.

नाथाजी


सांगली
२ फेब्रुवारी १९७८

मामा,

माणूस सापडला. आकाराम नाव. आता गणपती पेठेच्या मागं पानाची टपरी चालवतो. मला बघून आधी हसला, मग खोक्यांचं नाव काढल्यावर पान लावायचं थांबला. म्हणाला, “वैनी, मी नुसती भोकं पाडली. त्यात काय हाय त्ये मी कवा बघितलं न्हाई.”

मी तिथंच उभी राहिले. गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी त्यानं बिडीच्या कागदावर लिहून दिलं. आठ वर्षांनी सगळे रकाने पाठ होते त्याला, आणि म्हणे कधी बघितलं नाही. मला त्याच्या लालभडक तोंडाची शिसारी आली. ते असं आहे:

पहिले चार रकाने कामगाराचा नंबर, पुढं इंग्रजीत नाव. तीस-एकतीस म्हणजे खातं, वाळूखान्याचा आकडा चौदा. बासष्ट म्हणजे फोटोचा निकाल: शून्य साफ, एक शंका, दोन छातीत धूळ, तीन जास्त धूळ. त्रेसष्टमध्ये एकचं भोक असेल तर डॉक्टरांनी ‘काम बदला’ असं लिहिलेलं. चौसष्ट म्हणजे थुंकी. शून्य असेल तर थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत.

‘छातीत धूळ’ हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मी आकारामला विचारलं, धूळ म्हणजे क्षय का? तो म्हणाला, “ती येगळी, ह्यो येगळा.” मग तो गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

खोकी काल पाठवली. एकात छातीची कार्डं आहेत, दुसऱ्यात सत्तर ते चौऱ्याहत्तरची खात्यांची, म्हणजे कोण कुठल्या खात्यात होता ती. धुळानं सायकलीवर घालून स्टेशनात नेली. पूर्वी तो एका हातानं बकरं उचलायचा. काल स्टेशनापर्यंत तीनदा खाली बसला.

चंद्रा


रहिमतपूर
२६ फेब्रुवारी १९७८

चि. चंद्रा,

खोकी पोचली त्या दिवशी स्टेशनमास्तरनं मला बोलावून घेतलं आणि ही घाण आधी उचला म्हणाला. घरात तुझ्या मामीनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. गोठ्याच्या पडवीत फळकुटं टाकून बसतोय. काम झालं की बाहेरच आंघोळ, मग जेवण. जेवण जातही नाही.

मी लढाईच्या काळातली, रक्ताचे डाग पडलेली कार्डं हाताळलीत, पण असा प्रकार बघितला नाही. अर्ध्या खोक्याचा लगदा झालाय. वीस-वीस कार्डं एकमेकांना चिकटून वीट झालेली. चाकूच्या पात्यानं सोडवतो तर मधे काळी बुरशी आणि उंदराचे केस. झुरळांनी भोकांत अंडी घातलीत. एक टाचणी घेऊन प्रत्येक भोक साफ करावं लागतं, नाहीतर भोक आहे की नाही ते कळत नाही. उलट उंदरानं कुरतडलेलं भोक खरं वाटतं. पंचचं भोक चौकोनी आणि कडा साफ, दाताचं वेडंवाकडं. भिंगाखाली धरून ओळखतो.

एकेक कार्ड उजेडाला धरून वाचतो आणि वहीत उतरवतो. एका आकड्याचे ढीग वेगळे करतो आणि मामीची स्वेटरची सुई त्या भोकातून आरपार घालतो. सुई अडली की ढिगात चुकीचं कार्ड शिरलंय. अशी तपासणी दोनदा केली. तेव्हा खालचे आकडे पक्के समज.

वाळूखान्याची वाचता येणारी कार्डं बावन्न. त्यात ‘धूळ’ एकोणीस आणि ‘जास्त धूळ’ बारा. बावन्नातली एकतीस माणसं. एकतीसच्या एकतीस कार्डांवर ‘काम बदला’. एकतीसच्या एकतीस जणांच्या थुंकीत काही नाही.

मग मी दुसरं खोकं उघडलं. म्हटलं बघू, पुढं कुठल्या खात्यात गेले. सत्तर साली चौदा. एकाहत्तरला चौदा. बाहत्तरला चौदा. काही नंबर मधेच संपतात, म्हणजे माणूस सुटला किंवा मेला. एकतीसपैकी फक्त दोघांचं खातं बदललं. त्यांची नावं सोबत लिहिलीत, ते कुणाचे कोण ते तू बघ. डॉक्टरनं लिहिलं होतं, ऑफिसनं ते भोक पाडून जपून ठेवलं होतं आणि माणसं पाच वर्षं त्याच वाळूत उभी केली. मी वही मिटली आणि बाहेर जाऊन थुंकलो.

धुळाच्या कार्डावर तेव्हाच दोन आहे.

ज्योतिबाचं कार्ड सापडलं नाही. खालच्या लगद्यात गेलं असावं.

नाथाजी


सांगली
९ मार्च १९७८

मामा,

ज्या दोघांचं खातं बदललं त्यातला एक स्टोअरच्या साहेबांचा मेव्हणा, दुसरा त्यांच्याच गावचा. विचारायला लांब जावं लागलं नाही.

आता एक सांगते, रागावू नका. यांचं कार्ड सापडलं नाही हे वाचून मला बरं वाटलं.

तुम्हाला घरचं काही माहीत नाही. क्षय म्हटल्यावर गल्लीनं आमच्याकडं येणं सोडलं. सासूबाई धाकट्याकडं निघून गेल्या. नळावर माझी घागर इतर बायका पायानं बाजूला सारायच्या. मी दोन लहान पोरींची आई, मीही घाबरले. यांना मागच्या पत्र्याच्या खोपीत ठेवलं. शेवटची दोन वर्षं ते तिथंच होते. ताटाला खिळ्यानं खूण केली होती. ते ताट मी जमिनीवर ठेवून काठीनं आत ढकलायची. थुंकीचं भांडं ओतताना मला उमासे यायचे. तोंडाला पदर बांधायची तरी यायचे. ते माझ्या तोंडाकडं बघत असायचे. पोरींना मी खोपीच्या दाराशीसुद्धा जाऊ दिलं नाही. धाकटी तर त्यांना ‘मागचा माणूस’ म्हणायची. गेल्यावर अंथरूण, कपडे, चपला, सगळं रॉकेल ओतून जाळलं. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.

आता तुम्ही धूळ धूळ लिहिता. ती लागत नाही असं कुणीतरी म्हणालं तेव्हापासून मला झोप नव्हती. पण यांचं कार्डच नाही, म्हणजे यांना क्षयच असेल. मग मी केलं ते पोरींसाठी केलं. मला तसंच राहू द्या.

साहेबांनी खोकी दिली नव्हती. ती बॉयलरमध्ये घालायला सांगितली होती, मी चोरून आणली. आता त्यांना कळलंय, रोज बोलावून विचारतात. माझं काम जाईल. तुम्ही ती घाण जाळून टाका, वहीसुद्धा. धुळाला मी सांगेन की त्याचं नाव निघालं नाही.

चंद्रा


रहिमतपूर
१४ मार्च १९७८

चंद्रा,

कार्डं जाळणार नाही. आणि मी तुला खोटं लिहिलं.

ज्योतिबाचं कार्ड मला पहिल्या आठवड्यातच सापडलं. नंबर चारशे सतरा. एक कोपरा खाल्लेला, बाकी साफ. निकाल तीन. काम बदला. थुंकीत काही नाही. त्र्याहत्तरपर्यंत खातं चौदा.

मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. दगडाची आणि वाळूची भुकटी छातीत बसून फुफ्फुस दगडासारखं होतं. बाहेरून क्षयासारखंच दिसतं. पण ती कुणाला लागत नाही. एका ताटात जेवलं तरी लागत नाही. तुला हे वाचून काय होईल ते मला माहीत होतं, म्हणून मी लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

पण तेवढंच कारण नव्हतं. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात मी एका लग्नाला सांगलीला आलो होतो. साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला घर विचारलं. तो म्हणाला, ते क्षयाचं घर? मी तिथूनच वळलो. एसटी स्टँडवर बसून ते पेढे मीच खाल्ले आणि घरी येऊन सांगितलं की वेळ झाला नाही. ज्योतिबाचं कार्ड हातात आलं तेव्हा माझ्या तोंडाला त्या पेढ्यांची चव आली. मी पडवीतून बाहेर पळालो. मामीला वाटलं, उंदरांचा वास सहन झाला नाही.

तू घाबरलीस ती पोरींसाठी. मी मिलिटरीचा माणूस, मला कुणाची काळजी होती?

तुझ्यासाठी मी एक कार्ड लपवलं असतं. पण तू आता धुळाचं लपवायला सांगतेस. तो जिवंत आहे आणि अजून त्याच वाळूत उभा आहे. तसे किती असतील ते तूच मोज.

नाथाजी


रहिमतपूर
२० एप्रिल १९७८

चंद्रा,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. मधे दोन पोस्टकार्डं टाकली, ती मिळाली असतील. एकतीस नावांची यादी रजिस्टरनं पाठवतोय. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. ही धुळाच्या हातात दे.

नाथाजी


सांगली
४ मे १९७८

मामा,

तुमचं मार्चचं पत्र मी पोरी शाळेत गेल्यावर वाचलं. मग उठून खोपीत गेले. तिथं आता लाकडं असतात. लाकडं बाहेर काढली आणि जमिनीवर जिथं ते निजायचे तिथं बसले. पोरी आल्या तेव्हा चूल पेटली नव्हती. त्यानंतरचे दिवस कसे गेले ते लिहीत नाही. स्वतःच्या हातचं जेवण जात नव्हतं. त्याच हातांनी काठी धरली होती. एवढं कळतं की तुमचा राग आला नाही. राग यायला आपण स्वतः बरं असावं लागतं.

काम मार्च संपायच्या आतच गेलं. चोरीचा ठपका ठेवला. आता हळदीच्या वखारीत जाते.

यादी आली त्याच दिवशी कुपवाडच्या रस्त्याला धुळाच्या घरी गेले. त्याची बायको हरणाबाई दारात होती. धुळा घरात नव्हता. मागं बकऱ्यांच्या दावणीशी त्याची वाकळ अंथरलेली होती, आणि लेंड्यांत बसून तो भाकरी खात होता. मी बघत राहिले. हरणाबाईला वाटलं मी नावं ठेवतेय. ती म्हणाली, “काय करू आक्का, डॉक्टरनंच सांगितलंय.”

मी दोघांना बसवून यादी वाचून दाखवली. भोकं, रकाने, सगळं सांगितलं. माझे मालक कसे गेले तेही. हरणाबाईनं एकच विचारलं, “म्हंजे ह्ये कुणाला लागत न्हाई?”

मी म्हटलं, “न्हाई लागत.”

ती उठली. नवऱ्याच्या ताटलीत भाकरीचा उष्टा तुकडा राहिला होता. तो तिनं उचलला आणि माझ्यासमोर उभ्यानं खाल्ला. मग वाकळ उचलून घरात नेली. मला तिथं उमासा आला, मी कुंपणापाशी जाऊन ओकले. तिच्या खाण्यानं नाही, मामा. मला दोन वर्षांत ते एकदाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुळानं बाकीच्यांना गोळा केलं. यादीतले तेवीस अजून आहेत, सतरा जण सांगलीत. आम्ही कारखान्यांच्या सरकारी इन्स्पेक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, मशीनवरून छापून आणा, भोकांची कार्डं मी काय वाचणार? हातानं लिहिलेली यादी कुणीही करेल. कारखान्याचे साहेब तिथंच बसले होते. ते हसले.

तुम्ही याल का?

चंद्रा


रहिमतपूर
१० मे १९७८

चंद्रा,

येतो. पण मी येण्याआधी एक कर. त्या सतरा जणांचे छातीचे फोटो बाहेरच्या डॉक्टरांकडून काढून घे. मिरजेला कुणीतरी भला माणूस भेटेल. त्यांना माझी यादी दाखवायची नाही. फोटो लिफाफ्यात बंद करून ठेवायला सांग. मग इन्स्पेक्टरांपुढं मी कार्ड वाचीन आणि त्यांनी लिफाफा फोडायचा. मशीनवर छापलेलं नसेल तर छातीत छापलेलं तरी बघतील.

कार्डं माझ्याबरोबरच आणतो. पार्सलवर भरवसा नाही.

नाथाजी


रहिमतपूर
१५ जून १९७८

चि. चंद्रा,

त्या दिवशी इन्स्पेक्टरांच्या ऑफिसात तुला आत घेतलं नाही, तू बाहेर वडाखाली बसलीस. मला गाडी गाठायची होती म्हणून नीट सांगता आलं नाही. आत जे झालं ते लिहितो.

कार्डांची पेटी टेबलावर ठेवताच कारखान्याच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. इन्स्पेक्टरांनाही वास सहन होईना, त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या. साहेब म्हणाले, हा कचरा आहे, याच्यावर रोगजंतू असतील. मी म्हटलं, तुमच्याच खोलीतला आहे.

आधी त्यांनी माझी परीक्षा घेतली. खात्यांच्या खोक्यातली कुठलीही पाच कार्डं उपसून दिली. मी खिडकीत धरून नंबर, नाव, खातं वाचलं. साहेबांच्याच पगारपत्रकाशी ते ताडून बघितलं. पाचही बरोबर आली. साहेबांचा रुमाल तेव्हा जरा खाली आला.

मग सतरा कार्डं. मी एक वाचायचं, मिरजेच्या डॉक्टरांनी त्या नावाचा लिफाफा फोडून फोटो उजेडाला धरायचा. पहिला, धूळ. दुसरा, धूळ. सहाव्याला साहेब म्हणाले की पुरे, मुद्दा कळला. डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. ते म्हणाले, माणसं अजून अकरा आहेत. सतराच्या सतरा जुळले. ज्यांच्या कार्डावर दोन होतं त्यातल्या बहुतेकांचं आता तीन झालंय. धुळाचा फोटो त्यांनी बराच वेळ उजेडाला धरला आणि मग खाली ठेवला.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, एकोणसत्तर साली हे ऑफिसला माहीत होतं? साहेब म्हणाले, त्या वेळी मी नव्हतो, कार्डं कारकून बघत असत. आकाराम म्हणाला होता, मी नुसती भोकं पाडली. साहेब म्हणतात, मी नव्हतो. ‘काम बदला’ लिहिणारे डॉक्टर पुण्याला गेले. इतक्या माणसांच्या हातांतून ती कार्डं गेली आणि एकाचाही हात त्यांना लागला नाही. मला उंदरांची घाण बरी वाटली. उंदीर निदान कागद म्हणून खात होते.

निघताना साहेबांनी हात पुढं केला. मी माझे हात दाखवले आणि म्हटलं, घाण आहेत.

नाथाजी


सांगली
३० ऑगस्ट १९७८

मामा,

बरेच दिवस लिहिलं नाही. काय काय झालं ते एकदमच सांगते.

जुलैत इन्स्पेक्टरांचा हुकूम आला. वाळूखाना बंद झाला. आता ओतकाम पाण्यानं भिजवून साफ करतात. सतरापैकी चौदा जणांना दुसऱ्या खात्यांत घेतलं, उरलेल्यांना आता कामच होत नाही. कुणाची चूक होती ते हुकुमात लिहिलेलं नाही. माझ्यावरचा चोरीचा ठपकाही कुणी काढलेला नाही. आकाराम एकदा वखारीपाशी आला होता. पान घेऊन आला होता. मी घेतलं नाही. तो म्हणाला, “वैनी, मी तवाच बोललो असतो तर?” त्याचं उत्तर मी का द्यावं? मी टोपली उचलून आत गेले.

धुळा एकवीस तारखेला गेला. दुपारची वेळ होती, मला निरोप आला म्हणून वखारीतून तशीच गेले. घर माणसांनी भरलेलं. खानापूरकडून त्याचे भाऊ बायकापोरांसकट आलेले. तो सोप्यात होता, पाठीला भिंत आणि अंगाखाली चांगली वाकळ. त्याला आडवं होता येत नव्हतं, म्हणून हरणाबाई मागं बसून त्याला छातीशी धरून होती. त्याच्या तोंडातून फेस येत होता. तिचा पदर, गळा, सगळं भिजलेलं. तिनं ते पुसायला एकदाही हात काढला नाही. भावाच्या बायकोनं चमच्यानं पाणी घातलं. सगळे त्याला टेकून बसले होते, जणू थंडी वाजतेय. तो तसाच तिच्या अंगावर गेला.

मी दारातच उभी होते. बायका रडायला लागल्या तशी हरणाबाईनं वर बघितलं, मी दिसले. म्हणाली, “आक्का, चार म्हैनं घरात निजला माझा मानूस.”

मला आत जाता आलं नाही. मी चालत घरी आले. पोरी अंगणात होत्या. दोघींना घरात घेतलं आणि त्यांच्या बापाला खरं काय झालं होतं ते सांगितलं. कारखान्याला ते सहा वर्षं आधी माहीत होतं, हेही सांगितलं. मग खोपीतलं सगळं सांगितलं, ताटाची खूण, काठी, माझं तोंड फिरवणं. काही गाळलं नाही. धाकटीला किती कळलं कोण जाणे, ती रडली. थोरली चौदाची आहे. ती माझ्याकडं बघत राहिली. मग उठून खोपीत गेली आणि आतून कडी लावली.

नऊ दिवस झाले. शाळेत जाते, घरची कामं करते, माझ्याशी बोलत नाही. मी वाढलेलं ताट घेते आणि खोपीत नेऊन एकटी जेवते. मी तिला अडवत नाही. तिचा बाप तिथं दोन वर्षं होता आणि मी तिला दारापर्यंतही जाऊ दिलं नव्हतं.

चंद्रा